राहिलेली अकरा पानं

“शेवटी ती बाई नावेत बसते का नाही, तेवढं सांगा. मी जातो.”

अप्पाजींनी वर पाहिलं नाही. त्यांच्या मांडीवर एक जाड पुस्तक होतं. त्याचं सुटलेलं पान ते खळ लावून चिकटवत होते.

“कोणती बाई?”

“ह्यातली. अक्का वाचत होती ते.”

मी पुस्तक त्यांच्यापुढं ठेवलं. खरं तर आपटलं. अक्का जाऊन चौदा दिवस झाले होते.

“बस.”

मी बसलो नाही.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण, महानंदा. घरी बसून साड्यांना फॉल लावायची आणि उरलेल्या वेळात मठातली पुस्तकं वाचायची. मी बाजारपेठेत पंपांच्या मोटारी रिवाइंड करायच्या दुकानात काम करतो. जळलेल्या मोटारीची तार काढायची, नवी गुंडाळायची. पुस्तकाशी माझा संबंध एवढाच, की अक्काचं वाचून झालेलं मी मठात पोचवत असे आणि नवीन घेऊन येत असे.

मठात दोन कपाटं पुस्तकं आहेत. अप्पाजी मठाचे स्वामी. सत्तरी ओलांडलेले. पण त्यांना कादंबऱ्यांचा भारी नाद. गावातली माणसं मागं हसायची, की अप्पाजींच्या एका हातात रुद्राक्ष आणि दुसऱ्या हातात प्रेमकथा. हे त्यांच्या कानावर गेलं तेव्हा ते म्हणाले होते, दोन्हीत पुढं काय होणार ते मला कळत नाही, म्हणून दोन्ही धरलंय.

वाचनालयाला वर्गणी नाही. नियम एकच. प्रत्येक पुस्तकाच्या शेवटी एक कोरा कागद चिकटवलेला असतो. वाचून झालं की त्यावर आपल्याला काय वाटलं ते पेन्सिलीनं लिहायचं. अप्पाजी ते वाचतात, मगच दुसरं पुस्तक देतात. कुणी ‘छान आहे’ एवढंच लिहिलं, तर तेच पुस्तक परत त्याच्या हातात. छान तर आमटीपण असते, म्हणतात.

अक्काला कधी परत पाठवलं नाही.

एका पुस्तकामागं तिनं लिहिलंय, ‘नायकाला एक काम धड येत नाही. पान ऐंशीला हिनं त्याला सोडून जायला पाहिजे होतं. मी असते तर गेले असते. नसते गेले.’ त्याखाली पोस्टातल्या कांबळ्यांचं अक्षर आहे, ‘ऐंशीपर्यंत तरी कशाला थांबायचं?’ आणि त्याखाली परत अक्का, ‘कांबळेकाका, तुमचं लग्न झालंय. तुम्ही बोलू नका.’

अशी ती होती.

मग कावीळ झाली. नऊ दिवसांत सगळं झालं.

आठव्या दिवशी सकाळी मी डबा भरत होतो. ती खाटेवरून म्हणाली, “मल्लू, अकरा पानं राहिलीत रे. अक्षरं हलायला लागलीत. वाचून दाखव की.”

मी म्हणालो, मी अडखळतो, तू हसशील. बरी झालीस की तूच वाच.

“नाही हसत.”

मी म्हणालो, दुकानात शिरोळकरांची मोटार आहे, दुपारपर्यंत द्यायचीय, त्यांचा ऊस वाळतोय.

“मोटारीला म्हणावं, थांब जरा. इथं बाईची नाव सुटायचीय.”

मी गेलो. मोटार दुपारी दिली. ती अजून चालू आहे.

आमच्यात माणसाला बसवून पुरतात. रुद्रभूमीत तिला बसवलं तेव्हा मान थोडी पुढं आली. वाचताना यायची तशी. नंतर मी बघितलं नाही.

पुस्तक उशाशी सापडलं. मागच्या कागदावर तिनं आधीच लिहून ठेवलं होतं, वाकड्या अक्षरात. ‘अकरा पानं राहिलीत. आत्तापर्यंत ह्या बाईवर माझा विश्वास आहे. पुढचं पुढं लिहीन.’

हे सगळं अप्पाजींना माहीत होतं. मोटारीचं सोडून.

“मला फक्त शेवट पाहिजे,” मी म्हणालो. “रुद्रभूमीत जाऊन तिला सांगतो. मग माझी सुटका.”

“मी सांगितला तर तो माझा शेवट.”

“छापलेला आहे की. तुमचा कसा होईल?”

“मग छापलेला वाच.”

“सातवीतून सुटलोय मी.”

“शाळेतून सुटलास. बाराखडीतून नाही.”

त्यांनी पुस्तक माझ्याकडं सरकवलं आणि परत खळीत बोट बुडवलं. मी तिथंच त्यांना काहीबाही बोललो. माणूस मेलंय आणि तुम्हाला शिकवणी सुचते, असं काहीतरी. ते ऐकत राहिले. पान चिकटलं की नाही ते अंगठ्यानं दाबून बघत राहिले…

मी पुस्तक उचललं आणि निघालो.

अकरा पानं वाचायला मला आठ दिवस लागले. दुकानात, तार गुंडाळून झाली की. बोट ठेवून, ओठ हलवत. पोरं हसली, एकाला मी पाना फेकून मारला, मग कुणी हसलं नाही. पानांवर वार्निशचे डाग पडले.

नवव्या दिवशी मठात गेलो. म्हणालो, बसली. बाई नावेत बसली, नाव सुटली, संपलं. पण कुठं उतरली ते लिहिलेलंच नाही. आणि काठावर सदू म्हणून एक जण कंदील धरून उभा आहे. तो कोण?

“तुला कोण वाटला?”

“गडी असेल.”

अप्पाजी हसले नाहीत. “तो पहिल्या पानापासून आहे,” एवढंच म्हणाले.

दोनशे चाळीस पानं. मी घरी येऊन पुस्तक खुंटीवरच्या पिशवीत कोंबलं. चार दिवस तिकडं बघितलं नाही. आईनं एकदा ते काढून फडक्यानं पुसलं आणि परत ठेवलं. तिला वाचता येत नाही. पाचव्या दिवशी मी पहिलं पान उघडलं.

दोन महिने लागले. कुठल्या कुठल्या पानावर पेन्सिलीची बारीक टिंबं होती. अक्का जिथं थांबायची तिथं टिंब करायची. काही ठिकाणी मलापण थांबावंसं वाटायचं. काही ठिकाणी ती का थांबली कळायचं नाही. एका ठिकाणी तर नुसता कोंबडी कापल्याचा मजकूर होता आणि तिथं तीन टिंबं होती. मी कितीदा वाचलं. काही सापडलं नाही. विचारणार कुणाला?

सदू त्या बाईचा धाकटा भाऊ निघाला.

शेवटची अकरा पानं मी दुसऱ्यांदा वाचली. ह्या वेळी दोन दिवस लागले.

मग मी जे केलं ते सांगतो. अक्काचं वाक्य अर्धवट लोंबकळत होतं. पुढचं पुढं लिहीन. ते मला बघवत नव्हतं. तिच्या जुन्या वहीतली अक्षरं मी गिरवली. तिचा ‘श’, तिची लांब वेलांटी. हात बसेपर्यंत गिरवली. मोटारीच्या नंबरप्लेटा मीच घासून नव्यानं कोरतो, हाताला सवय आहे. मग त्या कागदावर, तिच्या ओळीखाली लिहिलं, ‘सगळं वाचलं. शेवट मला फार आवडला. महानंदा.’

पूर्ण झालं असं वाटलं. त्या रात्री झोप लागली.

दुसऱ्या दिवशी पुस्तक घेऊन मठात गेलो. अप्पाजी ओट्यावर उन्हाला बसले होते. त्यांनी मागचा कागद उघडला. चष्मा काढला, पुसला, परत लावला.

“हे कुणी लिहिलं?”

“अक्कानं.”

त्यांनी कागद डोळ्यांजवळ नेला.

“तिचंच अक्षर आहे. बघा की.”

“अक्षर तिचंच आहे,” अप्पाजी म्हणाले. “पण ‘फार आवडला’? एवढंच? हे तिनं लिहिलं असतं, तर मी पुस्तक परत पाठवलं असतं.”



त्यांनी कनवटीतून खोडरबराचा तुकडा काढला आणि माझ्यापुढं ठेवला. रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

मी खोडायला लागलो. ‘महानंदा’ गेलं. ‘आवडला’ गेलं. मला राग आला होता. अप्पाजींचा, त्या नावेचा, शिरोळकरांच्या उसाचा. हात जोरात चालत होता. मधेच कागद खरखरला, तरी हात थांबला नाही.

थांबला तेव्हा कागदावर काहीच नव्हतं.

माझी ओळ गेली होती. वरची तिचीपण गेली होती. अकरा पानं, विश्वास, पुढचं पुढं, सगळं. नुसता एक खरबरीत पांढरा पट्टा राहिला होता. उजेडात धरला तर पलीकडचा खांब दिसेल इतका पातळ.

मी खोडरबराचा तुकडा खाली ठेवला.

“तिचं शेवटचं अक्षर होतं ते.”

“होय.”

“मी पुसलं.”

“होय.”

मला वाटलं होतं ते म्हणतील, असू दे. म्हणाले नाहीत. समोरच्या भिंतीवर एक खार वर गेली, खाली आली…

कागदावर खोडरबराची चुरी पडली होती. काळपट, शिशाची. मी ती फुंकणार, तेवढ्यात अप्पाजींनी माझ्या तोंडापुढं हात धरला. मग अंगठा आणि दोन बोटांनी ती चुरी गोळा केली, चिमटीत धरली, आणि विभूती घेतात तशी आपल्या कपाळाला लावली. कपाळावरच्या पांढऱ्या पट्ट्यांवर करडा डाग उमटला. उरलेली त्यांनी माझ्या कपाळाला लावली.

तेव्हा मला पहिल्यांदा कळलं, की ती दर आठवड्याला लिहायची ते त्यांच्यासाठीही असायचं.

“आता सांग,” ते म्हणाले. “नाव सुटली. सदू काठावर उभा आहे. तुला काय वाटलं?”

“मला काय वाटणार?”

“दोन महिने वाचलंस.”

“काही नाही वाटलं.”

मला उठून जायचं होतं. उठलो नाही.

“राग आला,” मी म्हणालो.

“कुणाचा?”

“बाईचा.”

“का?”

मग जे तोंडात आलं ते बोलत सुटलो. की तिनं दाराला कडी घातली, शेळी शेजारणीला दिली, सगळ्यांचा निरोप घेतला, आणि सदूला नुसतं म्हणाली, कंदील जरा वर धर. एवढंच. तो इतकी पानं तिच्या मागं मागं फिरतोय, आणि त्याला कंदील धरायला लावलं. तो वेडा आहे, त्याला कळलंच नाही की ही चाललीय. कळलं असतं तर त्यानं नावेची दोरी सोडली नसती. लिहिणाऱ्याचं काय जात होतं, तिला एकदा मागं बघायला लावायला? एकदा तरी. पुस्तक चांगलं आहे. पण मी असलं पुस्तक परत वाचणार नाही. आणि त्या सदूनं पुढं काय करायचं, ते कुणी लिहिलेलंच नाही.

माझं बोलणं संपलं तेव्हा ऊन ओट्यावरून खाली उतरलं होतं.

अप्पाजींनी कानावरची पेन्सिल काढली, तिचं टोक नखानं चाचपलं आणि पुस्तकावर ठेवली.

मी ती उचलली. हात चिकट झाला होता, धोतराएवढ्या त्यांच्या पंच्याच्या टोकाला पुसला. मी विचारलं, हे असंच लिहू का, जसं बोललो तसं.

“तसंच.”

मी पेन्सिल त्या खोडलेल्या पांढऱ्या पट्ट्यावर टेकवली.

अप्पाजींनी माझं मनगट धरलं. हळूच, दोन बोटं खाली सरकवलं.

“इथं लिही. ती जागा महानंदाची आहे.”