दारावरची घाण

फार मागे, माळावर माणसाचा नांगर यायच्या आधी, बोरीच्या झुडपाखाली रानउंदरांची मोठी वस्ती होती. बिळात शिरता-निघता दाराच्या मातीला अंग घासायचं, ही तिथली रीत. कोण आलं, कोण गेलं, कुणाला कशाची भीती वाटली, ते मागून येणाऱ्याला नुसत्या वासावरून कळे.

एके सकाळी पूर्वेच्या बिळात धुरपाआजीला नाग दिसला. ती बाहेर पळाली, पण पळता पळताही तिने भीतीचा उग्र वास दारावर घासून ठेवला.

त्याच दिवशी म्होरक्या भिवबाच्या लेकीचं लग्न होतं. त्या बिळाच्या दाराशी येताच त्याने नाक मुरडलं. "ही घाण कुणी केली? वऱ्हाड याच दाराने येणार आहे!"

"घाण नाही ती! आत नाग आहे!" धुरपाआजी कडाडली.

"असला तरी एव्हाना गेला असेल," म्हणत भिवबाने गवती चहाची पाती आणवली आणि दार घासूनपुसून काढलं.

वऱ्हाड आलं. नवरदेवाच्या धाकट्या भावाने दाराशी वास घेतला, "वा, काय सुवास!" म्हणाला आणि सगळ्यांच्या पुढे आत शिरला. तो परत आलाच नाही.

"अरे, कुणी आधी सांगितलं का नाही?" भिवबाने हंबरडा फोडला.

धुरपाआजी पुढे झाली. "दारावर सांगितलं, तोंडावर सांगितलं! आता आणखी गवती चहा आणा, भिवबा. आतून मरणाचा वास येतोय, पाहुण्यांना बरा नाही वाटायचा."