मॅडमनी सांगितलंय

उंबरदरी नावाच्या गावात सोपान नावाचा एक भोळा तरुण होता. भोळा म्हणजे किती भोळा? आईने "दाराकडे लक्ष ठेव" म्हटलं, तर तो दाराकडेच बघत बसे. मागच्या भिंतीवरून शेळी आत शिरून पीठ खाऊन गेली तरी तिच्याकडे बघत नसे. शेळीचं त्याला कुणी काही सांगितलं नव्हतं.

गावात त्याला काम मिळत नव्हतं. ज्यांनी एकदा दिलं होतं, ते दुसऱ्यांदा देत नव्हते. आई, कौसाबाई, रोज म्हणे, "लेकरा, तुझं कसं व्हायचं रे?" सोपान विचार करी आणि म्हणे, "मला काय ठावं, माय."

अशात ग्रामपंचायतीवर पाटी लागली: बेरोजगार तरुणांसाठी मोफत संगणक प्रशिक्षण. कौसाबाईने त्याचं डोकं तेलाने चापून-चोपून बसवलं आणि बजावलं, "मॅडम सांगतील तसंच कर. आपलं डोकं लावू नको."

सोपान म्हणाला, "नाही लावत."

शिकवायला फरताडे मॅडम होत्या. फार जीव लावून शिकवायच्या. कुणीही माणूस शिकू शकतो, असं त्यांना वाटे. सोपान त्यांच्या वर्गात अजून आला नव्हता.

पहिला धडा पासवर्डचा होता. मॅडम म्हणाल्या, "पासवर्ड म्हणजे आपला गुप्त शब्द. कधी विसरणार नाही असा ठेवा. आणि जीव गेला तरी कुणाला सांगू नका."

आपण कधीच विसरणार नाही असा शब्द कोणता? सोपानने बराच विचार केला आणि पासवर्ड ठेवला, 'सोपान'.

त्याच आठवड्यात तालुक्याला रोजगार मेळावा होता. मॅडमनी सगळ्या पोरांना पाठवलं. सोपानचा नंबर आला. टेबलामागचे साहेब म्हणाले, "नाव?"

"सांगता येत नाही."

"म्हणजे?"

"गुप्त आहे."

"अहो, नावाशिवाय नोकरी कशी देऊ?"

"जीव गेला तरी सांगू नको, असं मॅडमनी सांगितलंय."

साहेबांनी पाण्याचा घोट घेतला. तेवढ्यात मागून गावातल्या एकाने हाक मारली, "ए सोपान, आटप, गाडी लागली!"

सोपान पांढराफटक पडला. "फुटला! पासवर्ड फुटला!" असं ओरडत तो जो पळाला, तो गावाला येऊनच थांबला.

मॅडम म्हणाल्या, "अरे बाबा, कुणी चौकशी केली तर सगळं सांगावं. नाव, गाव, घरची माहिती. हातचं काही राखायचं नाही."

"असं व्हय," सोपान म्हणाला. "आता नाही राखत."

दुसऱ्या दिवशी त्याचा फोन वाजला. पलीकडचा माणूस म्हणाला, "मी बँकेतून बोलतोय. तुमचं खातं बंद पडणार आहे. फोनवर आकडा आलाय तो सांगा."

सोपानने आकडा सांगितला.

"झालं काम," तो माणूस म्हणाला. "ठेवा फोन."

"असं कसं? हातचं राखायचं नाही," सोपान म्हणाला, आणि त्याने नाव सांगितलं. गाव सांगितलं. आईचे गुडघे कधीपासून दुखतात ते सांगितलं. चुलतीचं आणि आईचं चुलीच्या राखेवरून कसं भांडण झालं, त्यात कोण काय म्हणालं, तेही सांगितलं. पलीकडचा माणूस मध्येच ओरडला, "अरे, तुझ्या खात्यात काहीच नाही!"

"ते सांगणारच होतो. पण आधी मामाकडचं ऐका."

त्या माणसाने फोन कापला. सोपानने उलटा लावला. त्याने परत कापला, सोपानने परत लावला. शेवटी त्या भामट्याने आपला फोन बंद करून ठेवला, आणि त्या दिवशी त्याचा धंदा बुडाला.

मॅडमना हे कळलं तेव्हा त्या डोक्याला हात लावून बसल्या. "सोपान, अनोळखी माणसाशी एक शब्द बोलायचा नाही. लगेच कट करायचं आणि ब्लॉक करून टाकायचं. ब्लॉक म्हणजे, त्याला परत येताच येऊ नये."

"असं व्हय," सोपान म्हणाला. "आता नाही बोलत."

रविवारी सोपानला बघायला मुलीचे वडील यायचे होते. कौसाबाई साखर आणायला दुकानात गेली आणि पाहुणे दारात उभे राहिले. फेटा, काठी, हसरा चेहरा. "राम राम. सोपानराव आपणच का?"

सोपानने त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं. अनोळखी. त्याने दार लावलं. कट झालं. मग कडी घातली, आडणा लावला, ज्वारीची कणगी ढकलत आणून दाराला टेकवली आणि वर पाटा ठेवला. ब्लॉकही झालं.

कौसाबाई साखर घेऊन आली. "अरे, दार उघड! पाहुणे आलेत!"

"माय, तुला नाही कळायचं. ते परत आले नाही पाहिजेत."

पाहुणे शेजारच्या घरी चहा प्याले. जाताना म्हणाले, "मुलगी लहान आहे अजून." सकाळपर्यंत ती लग्नाची होती.

कौसाबाई पदराने डोळे पुसत मॅडमकडे गेली. मॅडमनी सोपानला समोर बसवलं आणि एकेक शब्द सुटा करून सांगितलं, "दारात माणूस आला की हसून या म्हणावं. बसायला द्यावं. चहा द्यावा. त्याला काय हवं-नको ते बघावं. निघाला की पोचवायला जावं."

"असं व्हय," सोपान म्हणाला. त्याला मनापासून वाईट वाटलं होतं. हे आधी सांगितलं असतं तर त्याने तसंच केलं असतं.

टायपिंग मात्र सोपानला फर्मास जमे. कागदावर जे असेल तेच तो उतरवी. मध्ये स्वतःचं डोकं लावायचा प्रश्नच नव्हता. म्हणून मॅडमनी शब्द टाकला आणि तालुक्याच्या लिंगाडे आप्पांनी त्याला आपल्या पंपाच्या दुकानात मालाच्या नोंदी करायला ठेवून घेतलं. कौसाबाईने गावभर पेढे वाटले.

एका दुपारी आप्पा जेवायला गेले. एक माणूस दुकानात शिरला. इकडे-तिकडे बघून त्याने संगणकाला हात घातला.

सोपान हसला. "या, बसा. चहा घेणार?"

माणूस दचकला. पण चहा आला, तसा प्याला. मग सोपानने विचारलं, "काय हवं-नको?"

"हे हवंय," माणूस संगणकाकडे बोट दाखवून म्हणाला.

सोपानने वायरी सोडवल्या, संगणक पोत्यात घातला, सुतळीने बांधून दिला आणि पोचवायला एसटी स्टँडपर्यंत गेला. "तीनची गाडी चांगली," तो म्हणाला. "बसायला जागा मिळते."

नशिबाने तीनची गाडी उशिरा आली. आप्पा पोलीस घेऊन पोचले तेव्हा चोर बाकड्यावर बसून वाट बघत होता. संगणक परत मिळाला, म्हणून सोपानची नोकरी राहिली. पण आप्पांनी त्याचा कान धरला. "नीट ऐक. दुकानातला संगणक कुणी बाहेर न्यायला लागला, मग तो कुणी का असेना, त्याची गचांडी धरायची, चोर चोर म्हणून ओरडायचं आणि सरळ पोलीस चौकीत न्यायचं. मध्ये सोडायचं नाही. कळलं?"

"कळलं," सोपान म्हणाला.

पुढच्या महिन्यात दुकानाला रंग द्यायचा होता. आप्पांनी त्याच्या हातात दुकानाचा लॅपटॉप दिला. "घरी ने. चार दिवस घरूनच काम कर."

सोपान लॅपटॉप काखेत मारून निघाला. उंबरठा ओलांडला आणि जागीच थबकला. दुकानातला संगणक बाहेर चालला होता!

त्याने क्षणभरही वेळ घालवला नाही. उजव्या हाताने स्वतःची गचांडी धरली आणि "चोर! चोर!" म्हणून ओरडत स्वतःला ओढत निघाला. बाजारातली माणसं धावली. "कुठाय चोर? कुठं पळाला?"

"पळतोय कसला? धरलाय!" सोपान म्हणाला. लोक त्याच्या मागे बघत राहिले. तो घामाघूम होऊन चौकीत शिरला.

हवालदार उठून उभे राहिले. "कोण चोर?"

"हा काय!"

हवालदारांनी टेबलाखाली वाकून पाहिलं. दाराबाहेर पाहिलं. मग सोपानच्या मुठीकडे आणि मुठीतल्या सदऱ्याकडे बराच वेळ पाहिलं. शेवटी खुर्ची पुढे सरकवून म्हणाले, "बस बाबा. सोड ती कॉलर आणि काय झालं ते सांग."

"सांगतो साहेब," सोपान धापा टाकत म्हणाला, "पण आधी ह्याला तुम्ही धरा. मी सोडला की हा पळून जाईल."