खालच्या पेठेची जर्सी

एकदा एका गावात एक वस्ताद होता. वरच्या पेठेच्या तालमीत त्याने चाळीस वर्षे पोरांना फुटबॉल शिकवला आणि त्यासोबत खालच्या पेठेचा द्वेषही शिकवला. तिथे सोयरीक करायची नाही, तिथल्या टपरीवर चहा प्यायचा नाही. गाव याला निष्ठा म्हणत असे. म्हातारी माणसे जिला निष्ठा म्हणतात ती पुष्कळदा नुसती खोड असते; पण त्यांच्या तोंडावर हे म्हणणार कोण?

या वस्तादाचा एक शिष्य कॉलेजच्या संघात मिडफिल्डर होता. एका मोठ्या व्यावसायिक क्लबची निवड चाचणी गावातच भरली. वयाची अट एकवीस, आणि शिष्याला एकवीस चालू. ही संधी गेली की दुसरी नाही. क्लबच्या प्रशिक्षकाने दोन्ही पेठांची पोरे मिसळून दोन संघ केले. अंगात ज्याची त्याची जर्सी, वर ओळखीपुरते बिनबाह्यांचे जाकीट. शिष्याच्या पुढे आघाडीला आला खालच्या पेठेचा इंगवले.

पूर्वार्धात शिष्य जीव तोडून खेळला. पण इंगवले तीनदा गोलसमोर मोकळा सापडला, हात वर करून ओरडला, "अरे, दे की लेका!" आणि तिन्ही वेळा शिष्याने चेंडू भलतीकडेच वळवला. मुद्दाम नव्हे. पायच तिकडे जात नव्हता. तिसऱ्या वेळी प्रशिक्षकाने वहीत काहीतरी खोडले. शिष्याने ते पाहिले.

मध्यंतराला वस्तादाने पिशवीतून एक विटकी निळी जर्सी काढली. खालच्या पेठेची.

"ही घाल."

"डोकं फिरलंय काय वस्ताद? सगळी पेठ बघाय बसलीय!"

"घाल. नाहीतर बूट काढ आणि घरी चल."

कुंपणालगतची वरच्या पेठेची माणसे उठून उभी राहिली. पंच घड्याळ बघत होता. शिष्य जागचा हलेना, तेव्हा वस्ताद खाली बसला.

"माझ्याही वेळी असाच एक पारखी आला होता. या इंगवल्याचा चुलता माझ्या संघात होता. शेवटच्या मिनिटाला तो मोकळा, चेंडू माझ्या पायात. मी दिला नाही. स्वतः मारला, बाहेर गेला. दोघंही घरी बसलो. पण पेठेनं मला खांद्यावर घेऊन नाचवलं, आणि त्या नाचण्यालाच मी मोठेपण समजलो. तुझा पाय तिकडं जात नाही, हा तुझा दोष नाही. तो पाय मी बांधलाय. ही जर्सी त्या चुलत्याची. दोन्ही पेठांची पोरं मिसळणार हे कळलं, म्हणून काल त्याच्या दारात जाऊन मागून आणली."

"एवढं कळत होतं, तर इतकी वर्षं गप्प का बसलात?"

"लाज वाटत होती रे."

शिष्य संतापला होता, तरी या उत्तरावर त्याचा विश्वास बसला. त्यात वस्तादाचे नेहमीचे एकही सुभाषित नव्हते. त्याने जर्सी चढवली, वर जाकीट घातले.

"गद्दार!" कुंपणावरून आवाज आला. इंगवले डोळे फाडून विटक्या, ठिगळ लावलेल्या निळ्या बाह्यांकडे बघत राहिला. "ही आमच्या काकाची! तुला कुणी दिली?"

"मग सांगतो. तू पळ. बॉल येतोय."

चेंडू लगेच आला नाही. दोनदा शिष्याचा पाय अडखळला, दोनदा चेंडू विरोधकांकडे गेला, कुंपणावरून शिव्या आल्या. खेळ संपायला चार मिनिटे उरली असताना दोन बचावपटूंच्या मधून इंगवले सुटला. शिष्याने मान वर केली. पुढे निळी बाही होती. स्वतःच्या हातावरही तीच. या वेळी पाय गेला.

गोल झाला तेव्हा वरच्या पेठेतून एकही टाळी वाजली नाही.

संध्याकाळी यादी वाचली गेली. इंगवल्याचे नाव आधी आले, शिष्याचे सर्वांत शेवटी. वस्तादाने घामेजलेली जर्सी नीट घडी करून पिशवीत ठेवली. "धुऊन परत द्यायची आहे. मी जाईन."

"दोघं जाऊ," शिष्य म्हणाला. "जर्सी मागितलीत, पण माफी मागितली नसणार तुम्ही."

म्हाताऱ्याने पिशवी काखेला मारली. मैदानाबाहेर पडल्यावर तो घराकडे न वळता खालच्या पेठेच्या वाटेला लागला.

पोरांच्या पायात आपले वैर बांधणाऱ्या थोरांनी ते सोडवायलाही स्वतःच खाली वाकावे.