सगुणाक्काचा झारा

माझ्याइतक्या गोष्टी या पंचक्रोशीत कुणालाच येत नाहीत. खरं सांगायचं तर मला एकच येते. दर वेळी तिची टोपी बदलतो, झालं. आज बोडकीच सांगतो. लहानांनी ऐकावी, थोरांनी कान धरून ऐकावी.

पुष्कळ जुनी गोष्ट. इतकी जुनी, की तेव्हा डोंगर नुकते बसायला शिकत होते. अरण्याच्या कडेला एक गाव होतं. गावात देवीचं देऊळ, देवळात मोठं स्वयंपाकघर, आणि तिथे नैवेद्याच्या पुऱ्या तळायचा पितळी झारा. ज्या बाईची पाळी कायमची थांबली, तिलाच तो झारा धरायचा मान. झारेवाली पंचायतीत पुरुषांच्या वर बसे. तिने डोळे वटारले की पाटील पागोटं सावरत.

पण नियम असा, की पुन्हा रक्ताचा डाग दिसला तर झारा खाली आणि बाई देवळाबाहेर. आता गंमत बघा. आजवर एकाही झारेवालीला डाग म्हणून दिसला नव्हता! त्या नुसत्या वाळत जायच्या, पोट धरून बसायच्या, आणि एक दिवस संपायच्या. गाव म्हणे, देवीला हिच्या पुऱ्या आवडल्या, वर बोलावून घेतलं. देवी बिचारी काय बोलणार?

अशात झारा आला सगुणाक्काकडे. बाई मोठ्या आवाजाची, पुरी मात्र कागदासारखी हलकी. वर्ष सुखात गेलं, आणि जत्रेच्या तोंडावर तिला डाग दिसला.

तिने नणंदेला, यमुनेला, कानात सांगितलं. झारा पुढे यमुनेकडेच जायचा होता.

"गप्प बस, वहिनी," यमुना म्हणाली. "उष्णता असेल. ताक पी. जत्रा तर होऊ दे."

"वन्सं, आधीच्या झारेवालीनेही ताकच प्यायलं होतं."

जत्रेच्या पंगतीत सगळं गाव बसलं. सगुणाक्काने झारा परातीत ठेवला आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "मला पुन्हा डाग दिसला आहे. नदीपलीकडच्या वैदिणीला बोलवा."

घास हातातच राहिले. पाटील पुटपुटले, "अगं हळू! पुरुष बसलेत."

"बसलेत ते ठीक, आता उठू देत. वैदिणीची डोली उचलायला चार जण लागतील."

मी तुम्हाला विचारतो, राजांनी किल्ले जिंकले त्याचे पोवाडे ऐकता. भरल्या पंगतीत हे बोलायला काय छाती लागते, सांगा बरं? मला तर साधी शिंक आली तरी मी खांबाआड जातो.

वैदीण आली. सगुणाक्काचं पोट तिने एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा चाचपलं, मगच तोंड उघडलं. ही एक खूण चांगली. भराभर बोलणारे वैद्य मी पुष्कळ पाहिलेत.

"गर्भाशयात गाठ आहे," ती म्हणाली. "बहुतेकींची शेळीसारखी असते, हळू चालते. तुझ्या गाठीची जात दुर्मीळ, बिबट्यासारखी. फार थोड्या बायकांना होते, म्हणून मलाही तिची पुरती ओळख नाही. वय, अंगातली ताकद, सगळ्याचा फरक पडतो. पण एक पाहिलंय. बिबट्या घरात आहे तोवर सगळं घरच बाहेर काढता आलं, तर पुष्कळ जणी वाचतात. उडी मारून पोटात पसरला, तर थोड्याच. तुझा अजून घरातच वाटतो. तरी वचन देत नाही."

"वचन नको, हात चालव. मुलं मोठी झाली, आता ते घर रिकामंच आहे."

वैदिणीने गुंगीची मुळी दिली, आणि गर्भाशय गाठीसकट अख्खं काढलं. मग ओट्यावर येऊन तिने बायकांना विचारलं, "आणखी कुणाला?"

शेवटी यमुना उठली. तिला डाग दिसून कितीतरी दिवस झाले होते. झारा हातचा जाईल म्हणून ती ताक पीत बसली होती. वैदिणीने तिचं पोट चाचपलं आणि मान खाली घातली. तोच बिबट्या, पण केव्हाच उडी मारून गेलेला.

यमुनेला सगुणाक्काने भरवलं, न्हाऊ घातलं, हसवलंसुद्धा. पुढची जत्रा यमुनेने पाहिली नाही. जाताना म्हणाली, "वहिनी, तू ओरडलीस तेव्हाच मी ओरडायला हवं होतं."

सगुणाक्का दर ऋतूत नदी ओलांडून वैदिणीकडे तपासायला जात राहिली. केस पांढरे झाले, आवाज तेवढाच राहिला. बायका डाग दिसला की आता आधी तिच्याकडे धावत. नियम मोडला, आणि देवी काही रुसली नाही.

तात्पर्य आधीच सांगून टाकतो, कारण शेवटचा शब्द माझा नाही: लपवलेलं दुखणं आपल्या आयुष्यातला वेळ खातं, बोलून दाखवलेलं दुखणं उपायाला वेळ देतं.

तर, यमुना गेल्यानंतरच्या जत्रेत झारा पुन्हा सगुणाक्काच्या हाती देताना पाटील मानभावीपणे म्हणाले, "अक्का, झालं ते झालं. पण यापुढे असलं काही असलं, तर जरा कुजबुजून सांगत जा."

सगुणाक्काने झारा हातात तोलला.

"पाटील, यमुनावन्संनी तर तेवढंही केलं नव्हतं. मी नुसती कुजबुजून थांबले असते, तर आज हा झारा तुम्ही कुणाच्या हातात दिला असता?"