केवडाबाईची पांढरी आगटी

त्या मुलखात वर्षातले आठ महिने थंडी असे आणि उरलेले चार महिने थंडीची तयारी. त्यामुळे तिथं कुणाची पत शेपटीवरून किंवा दातांवरून ठरत नसे, आगटीवरून ठरे. आगटी म्हणजे भिंतीत विटांनी बांधलेली शेकायची जागा, वर धुराडं. पाहुणा आला की आगटीपुढं बसे आणि निघताना विटांवरची काजळी बोटावर घेऊन कानाच्या पाळीला लावी. अशी तीट लावली की वाटेत कुणाची दृष्ट लागत नाही, असं तिथले सगळे मानत. कोण कुणाकडं शेकून आला, हे रस्त्यानं जाणाऱ्यालाही कानावरून कळे.

तिथं केवडाबाई नावाची एक उदमांजर राहायची. घर लखलखीत, भांडी आरशासारखी, नवरा भिवबा अगदी गरीब गाय. खायलाप्यायला ददात नव्हती. फक्त शेजार वाईट होता. नाही, शेजारीण वाईट नव्हती हो. तेच तर केवडाबाईचं दुखणं होतं.

शेजारीण म्हणजे तानाक्का, जातीची साळिंदर. अंगभर हे एवढाले काटे, आगटीच्या निम्म्या विटा टवके उडालेल्या, चटई म्हणावी तर तिला चटईपेक्षा भोकं जास्त. तरी दिवस कलला की ससे, मुंगसं, घुशी, सगळे हिच्या दाराशी. केवडाबाई खिडकीत उभी राहून बघायची. आत जाताना ज्यांचे कान कोरे, त्यांचे बाहेर येताना काळे. "काटे टोचत नाहीत का मेल्यांना!" असं म्हणून ती नाक मुरडायची आणि खिडकी लावायची. मग थोड्या वेळानं परत उघडायची.

दोन्ही घरांची भिंत एकच होती आणि दोन्ही आगट्या त्याच भिंतीत पाठीला पाठ लावून होत्या. केवडाबाईच्या आगटीच्या डाव्या कोपऱ्यातली वीट पातळ होती. तिला कान लावला की पलीकडचं हसणं स्वच्छ ऐकू येई. केवडाबाई रोज लावायची. हसणं ऐकू आलं की तिला वाटायचं, आपल्यालाच हसताहेत. ऐकू नाही आलं तर वाटायचं, आपल्याबद्दल कुजबुजताहेत.

तिच्याकडं कुणी जात नसे असं नाही. पण गेलं की, "पाय पुसलेत का? शेपूट आवरा हं, सांडेल." अशा घरात कोण किती वेळ टेकणार?

मुलखाचा मोठा मान एकच होता, पहिल्या जाळाचा. थंडीच्या पहिल्या दिवशी म्हातारे आबा कासव रानातल्या देवाच्या धुनीतून एक निखारा खापरावर घालून आणत आणि ठरलेल्या घरच्या आगटीत ठेवत. सगळा मुलूख तिथं शेकायला बसे आणि तिथूनच आपापला विस्तव घरी नेई. अकरा वर्षं हा मान तानाक्काकडं होता. अकरा वर्षं केवडाबाई त्या फाटक्या चटईवर बसून गोड हसत होती आणि आतून जळत होती.

"यंदा पहिला जाळ माझ्याकडं झाला पाहिजे," तिनं भिवबाला बजावलं, "नाही झाला तर या गावात तोंड दाखवायची नाही मी."

"होईल की," भिवबा म्हणाला. तो सगळ्यालाच 'होईल की' म्हणायचा.

केवडाबाईनं गुणाजी सरड्याला बोलावलं. रंगाच्या कामात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. गुणाजीनं आगटीवरून बोट फिरवलं.

"पांढरी करायची? वहिनी, आजवर कुणी केली नाही."

"म्हणूनच करायची."

"मग आधी काजळी खरवडावी लागेल. काजळीवर रंग मारला तर ती खालून वर येते, कितीही हात द्या. आणि रंग दिल्यावर आत जाळ घातलात तर महिन्यात पिवळा पडेल, सांगून ठेवतो."

"तुम्ही रंगाचं बघा, जाळाचं मी बघते," केवडाबाई म्हणाली.

तीन दिवस ती स्वतः तारेचा ब्रश घेऊन आगटी घासत होती. सासूच्या, आजेसासूच्या वेळची काजळी, इतक्या पाहुण्यांची बोटं फिरलेली. बादल्या भरभरून काळं पाणी तिनं गटारात ओतलं. मग गुणाजीनं अस्तर दिलं, वर दोन हात पांढरे दिले. आणि काय सांगावं, ती आगटी अशी दिसायला लागली की बघणाऱ्यानं दारातच थबकावं.

बातमी फुटायला किती वेळ! सगळा मुलूख बघायला लोटला. चकित झालेले ससे, तोंडात बोटं घातलेल्या घुशी. केवडाबाईला वाटलं, जन्माचं सार्थक झालं. निघताना पाहुण्यांचं बोट सवयीनं विटेकडं जाई आणि कोरं परत येई. मग ते जरा घुटमळत आणि तसेच जात. पण केवडाबाईचं लक्ष त्यांच्या बोटांकडं नव्हतं, तोंडातल्या स्तुतीकडं होतं.

सगळ्यांत शेवटी तानाक्का आली, काटे अंगाशी चापून, कशाला लागू नयेत म्हणून आडवी आडवी चालत.

"अगो बाई! किती गं देखणी झाली! नजर ठरत नाही माझी. दृष्ट लागेल हो कुणाची तरी."

असं म्हणत तिनं आपल्या कानाची काजळी बोटावर घेतली आणि लेकराला लावावी तशी एक तीट त्या पांढऱ्या विटेवर लावली. नेमकी डाव्या कोपऱ्यात.

केवडाबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. तोंडानं ती म्हणाली, "बरं केलंत हो तानाक्का." आणि दार लागताच भिवबावर फुटली, "बघितलंत? जळते मेली माझ्यावर! बघवलं नाही म्हणून डाग लावून गेली!"

गुणाजीनं त्या डागावर एक हात मारला. सकाळी डाग वर. दुसरा मारला, तिसरा मारला. डाग वर तो वरच, आणि बोट लावलं तर बोटाला लागेल असा ओला. "सांगितलं होतं," एवढंच म्हणून गुणाजी गेला. शेवटी केवडाबाईनं त्यावर झेंडूची एक माळ लटकवून दिली. कुणाला काय कळतंय!

आणि आठव्या दिवशी आबा कासवांनी जाहीर केलं, "यंदा पहिला जाळ केवडाबाईकडं."

थंडीच्या पहिल्या दिवशी तिनं नवी चटई अंथरली, तिच्यावर आणखी एक चादर अंथरली, चादर चुरगळू नये म्हणून सगळ्यांना कडेकडेनं बसवलं. थंडी मी म्हणत होती. भिवबा तर रंग दिल्यापासून घरात विस्तव नसल्यानं आधीच आखडला होता. दिवस कलायच्या सुमाराला आबा आले. खापरावर निखारा लालबुंद.

"कुठं ठेवू, पोरी?"

केवडाबाईनं निखाऱ्याकडं बघितलं. मग आगटीकडं बघितलं. महिन्यात पिवळी पडेल. आज तर काळीच होईल, आजच, सगळ्यांच्या देखत, तानाक्काच्या देखत.

"थांबा हं आबा," ती म्हणाली. "जरा सगळ्यांना डोळे भरून बघू तरी द्या."

सगळ्यांनी बघितलं. निखाऱ्यावर राखेची साय धरायला लागली.

"ठेवू का गं?"

"बाहेर अंगणात ठेवलं तर?"

"पहिला जाळ अंगणात?" आबांनी निखाऱ्यावर फुंकर घातली. "अगं, विझतोय तो!"

निखारा विझला तर वर्षभर कुणाच्याच घरी विस्तव नाही, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. केवडाबाईच्या तोंडून 'ठेवा' निघेना. ओठांपर्यंत आला शब्द आणि परत गेला.

"आबा, इकडं आणा! माझी रचून तयार आहे!" तानाक्का ओरडली आणि काटे सावरायचं विसरून धावत सुटली. तिच्यामागं आबांना उचलून दोन मुंगसं आणि त्यांच्यामागं सगळा मुलूख. चादर पार चुरगळली. भिवबा उंबऱ्यात थांबला, खाली मान घालून म्हणाला, "जरा हात शेकून येतो गं." आणि गेला.

घर रिकामं झालं. केवडाबाई एकटी पांढऱ्या आगटीसमोर उभी होती. तिला रडू आलं, पण त्याहून जास्त तिला ऐकायचं होतं. काय बोलत असतील? किती हसत असतील? तिनं झेंडूची माळ बाजूला सारली आणि डाव्या कोपऱ्यात कान लावला.

पलीकडं लाकूड तडतडत होतं. कुणी कंद भाजत होतं, कुणी पोराला दटावत होतं, आबा खोकत होते. तिनं कान आणखी दाबला. तिला कुणी हसत नव्हतं. तिच्याबद्दल कुणी अवाक्षर काढत नव्हतं. वीट हळूहळू कोमट झाली, मग चांगली ऊन लागू लागली. ती किती वेळ तशी उभी होती कोण जाणे.

मग तानाक्काचा आवाज आला. "अहो भिवबा, केवडा कुठाय? जा, घेऊन या तिला. ती आल्याशिवाय कंदाला हात लावायचा नाही कुणी."

केवडाबाई घाईघाईनं बाजूला झाली आणि चादर नीट करायला वाकली. भिवबा आत आला. त्याचे गाल तांबूस झाले होते. तो काही बोलणार होता, पण तिच्या तोंडाकडं बघून थांबला, मग जवळ येऊन नीट बघायला लागला.

"अगं," तो म्हणाला, "तू कधी येऊन गेलीस तानाक्काकडं? मला दिसली नाहीस. कानाला तीट आहे की."

केवडाबाईनं कानाला हात लावला. कान अजून ऊन होता.