खारूताईचे शेंगदाणे

मला गोष्ट सांगायला बसवलंय, जशी दुसरी कामंच नाहीत. ऐका.

फार मागं एक खारूताई शेंगदाणे विकायची. माल स्वतःच्या ढोलीत आणि राखणही स्वतःचीच, त्यामुळं भरवायला सवड नाही आणि पिल्लं उपाशी.

म्हातारा धनेश पक्षी म्हणाला, "अगं बये, वडाच्या ढोलीत ठेव. सगळ्यांचा माल तिथंच असतो, राखायला मी आहे."

"सगळ्यांत माझा माल? नको रे बाबा!"

वादळात तिची ढोली फुटली. पिल्लं वाचली, पण दाणे रानभर सांडले. पाखरांनी ते एकेक वेचून वडात नेले.

खारूताई धनेशाच्या पाया पडली. "दादा, लई उपकार झाले."

"ते राहू दे. आधी पोरांना भरव."

तेव्हापासून माल वडात आणि नव्या ढोलीत फक्त पिल्लं.

गावच्या सामायिक कोठारानं मलाही जगवलं. तिथं धान्य ठेवलं म्हणून मला भित्रा म्हणणाऱ्या केरबा डांग्यानं अजून माफी मागितलेली नाही.