सरोजकाकूंची गोष्ट

घाटाखालच्या एका लहानशा गावात हेमांगी नावाची एक लिहिणारी बाई राहत होती. तालुक्याच्या साप्ताहिकात तिने बारा वर्षं लिहिलं. मग ते साप्ताहिक बंद पडलं आणि हेमांगी घरी बसली. ती इंटरनेटवर लेखनाचं काम शोधू लागली. दिसेल त्या वेबसाइटवर तिने नाव नोंदवलं, पन्नासएक ठिकाणी नमुने पाठवले. एकाने केसगळतीवर लेख लिहून घेतला आणि पुन्हा विचारलं नाही. बाकीच्यांचं उत्तरच आलं नाही.

शेजारी सरोजकाकू राहत. एकट्याच होत्या, शिवणकाम करत. हेमांगीचा उतरलेला चेहरा पाहून त्या रोज दुपारी तिला चहाला हाक मारत. एके दुपारी हेमांगीला रडूच फुटलं. "माझं आता काही व्हायचं नाही, काकू." तिला धीर देता देता काकूंनी आजवर कुणालाच न सांगितलेली गोष्ट सांगितली.

त्यांच्या बहिणीची मुलगी केतकी खरं तर त्यांचीच होती. ती पोटात असतानाच काकूंचे यजमान वारले. घरात खायची भ्रांत होती. बहिणीला मूल नव्हतं. काकूंनी नऊ दिवसांचं बाळ बहिणीच्या ओटीत घातलं आणि हे कुणालाही न सांगण्याचा तिला शब्द दिला. देताना यजमानांच्या निळ्या चौकटीच्या शर्टाचं अंगडं शिवून बाळाला घातलं, त्याला हिरव्या दोऱ्याची किनार केली. केतकी आता चोवीस वर्षांची होती. काकूंना मावशी म्हणायची आणि दर सुट्टीत चार दिवस राहून जायची.

"तिला हे कधी कळायला नको," काकू म्हणाल्या. "मावशी म्हणून का होईना, येते ना माझ्याकडे! मी एवढं निभावलं, तुझंही निभेल."

पुढच्याच आठवड्यात एका वेबसाइटच्या संपादकाचा निरोप आला. 'तुमची भाषा छान आहे, पण लेख कोरडे वाटतात. खऱ्या आयुष्यातली एखादी गोष्ट पाठवा. आवडली तर दर आठवड्याला काम देऊ.'

हेमांगीने काकूंची गोष्ट लिहिली. नाव बदललं, गाव बदललं. अंगड्याचा उल्लेखही काढून टाकला, पण त्याशिवाय गोष्ट निर्जीव वाटू लागली. तिने तो परत घातला. मग तिला वाटलं, काकूंना एकदा विचारावं. ती त्यांच्या दारात गेली. काकू मशीनवर केतकीसाठी कुर्ता शिवत होत्या.

"ये गं, काय झालं?"

विचारलं तर काकू नको म्हणतील, हे हेमांगीला ठाऊक होतं.

"काही नाही, सहज आले होते," ती म्हणाली. घरी परतून तिने गोष्ट पाठवून दिली.

गोष्ट हजारोंनी वाचली. हेमांगीला दर आठवड्याचं काम मिळालं. ते ऐकून काकूंनी आनंदाने शिरा केला.

महिन्याभराने केतकी न कळवता आली. तिच्या हातात मोबाइल होता. हेमांगी तेव्हा काकूंकडेच बसली होती.

"मावशी, असं अंगडं आमच्या पेटीत आहे," केतकी म्हणाली. "निळ्या चौकटीचं, हिरव्या किनारीचं. तू शिवलेलं. मग ही गोष्ट कुणाची?"

काकूंना खोटं बोलता आलं नाही. त्यांनी हेमांगीकडे नुसतं पाहिलं. हेमांगीने मान खाली घातली.

"म्हणजे तू आणि आईने मला फसवलंत," केतकी म्हणाली. "आणि परक्या लोकांना हे माझ्याआधी कळलं." काकू उठून तिला धरायला गेल्या, पण ती मागे सरली. आल्या पावली निघून गेली.

त्यानंतर ती आली नाही. बहिणीचा फोन मात्र आला, एकदाच. "तू शब्द मोडलास," ती म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

हेमांगीने संपादकाला विनवलं. त्याने गोष्ट काढून टाकली, पण तोवर ती कितीतरी मोबाइलवर पोचली होती. हेमांगी केतकीला फोन करत राहिली, केतकीने एकही घेतला नाही. शेवटी ती काकूंच्या पायांशी बसली.

"वाईट नाही लिहिलंस," काकू म्हणाल्या. "वाचून मलासुद्धा रडू आलं. पण गोष्ट माझी होती गं. एकदा विचारायचंस."

"तुम्ही नको म्हणाला असतात, काकू."

"हो," काकू म्हणाल्या. "नकोच म्हणाले असते."

दुपारच्या चहाची हाक थांबली. हेमांगीला काम मिळत राहिलं. अनोळखी वाचक अजून तिला विचारतात, 'त्या आईचं पुढे काय झालं?' शेजारच्या बंद दाराकडे पाहत ती बसून राहते.

तात्पर्य: विश्वासाने सांगितलेलं दुःख ही दुसऱ्याची ठेव असते, नकार मिळेल या भीतीने न विचारता ती वापरणं, हा विश्वासघातच आहे.